'आम्हाला कोणी विचारलं होतं का?' : अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह शेजाऱ्याचं म्हणणं

मियामीकाठ (धागाकर्ता):
डेटनला येऊन मला पंचवीस वर्षं होतील. ओहायोतलं हे गाव फार कोणाला माहीत नसतं, पण इथून अर्ध्या तासावरचं स्प्रिंगफील्ड २०२४ च्या सप्टेंबरात जगभर पोचलं. हैतीहून आलेले लोक गावातली कुत्री-मांजरं खातात अशी अफवा उठली, १० सप्टेंबरच्या अध्यक्षीय वादसभेत ट्रंप यांनी ती बोलून दाखवली, आणि नंतर कित्येक दिवस तिथल्या शाळा बॉम्बच्या धमक्यांमुळे रिकाम्या कराव्या लागत होत्या. अफवा खोटी होती. स्प्रिंगफील्डमध्येच जन्मलेले रिपब्लिकन गव्हर्नर माइक डिवाइन यांनीच तसं स्वच्छ सांगितलं.

मला त्या अफवेबद्दल लिहायचं नाही. तिच्या खाली जे दबून गेलं, त्याबद्दल लिहायचं आहे.

आमचे शेजारी सत्तरीचे आहेत. मोरेनमधला मोटारींचा कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद पडला तोवर तिथे नोकरीला होते. त्यांची बहीण स्प्रिंगफील्डला राहते. पक्के कन्झर्व्हेटिव्ह. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर आमच्या दारातला बर्फ या माणसाने उपसला होता, म्हणून त्यांचं बोलणं मला झटकून टाकता येत नाही. परवा कुंपणापाशी तासभर बोललो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९६० मध्ये ८२ हजारांवर असलेलं स्प्रिंगफील्ड २०२० पर्यंत ५९ हजारांच्या खाली आलं. मग चार वर्षांत बारा ते पंधरा हजार नवी माणसं आली. बहिणीला दवाखान्यात पूर्वी तासाभरात डॉक्टर भेटायचा, आता अर्धा दिवस जातो. घरभाडी चढली. शाळेत दुभाषे कमी पडतात. "माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण हे ठरवताना गावाला कोणी विचारलं होतं का? वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी सही केली आणि बिल आमच्या नगरपालिकेला आलं."

शेवटी थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू? माझं गाव मला ओळखू येत नाही."

या शेवटच्या वाक्याला काय उत्तर द्यावं मला कळलं नाही. सरकारने आमच्या आयुष्यात नाक खुपसू नये म्हणणारी ही माणसं सरहद्दीवर आणि गल्लीत मात्र दणकट सरकार मागतात. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं नांदतं? आणि हे सगळं वर्णद्वेष म्हणून निकालात काढणं बरोबर आहे का? आपापल्या गावचे अनुभव लिहा. ट्रंप चांगले की वाईट यावर दुसरे धागे आहेत.

धोंडोपंत:
हा धागा शंभरी गाठणार. चहाचं आधण ठेवतो.

वाडीकर_टेक्सास:
उत्तम विषय. मी शुगर लँडला राहतो, नागरिक झाल्यापासून रिपब्लिकन पक्षाला मत देतो, आणि हे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं की चार लोक खुर्ची सरकवून बसतात. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तुमच्या शेजाऱ्यांचा 'सही'चा मुद्दा अगदी बरोबर आहे. हैतीच्या लोकांना मिळालेला टीपीएस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण, हा १९९० च्या कायद्यातला प्रकार. २०१० च्या भूकंपानंतर तो हैतीला मिळाला, २०२१ नंतर पुन्हा पुन्हा वाढवला गेला. त्यात जानेवारी २०२३ पासून क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला या चार देशांतून महिन्याला ३० हजारांपर्यंत लोकांना 'पॅरोल'वर, म्हणजे व्हिसाशिवाय तात्पुरत्या परवानगीने, आणायची योजना आली. कायद्यात पॅरोल एकेका माणसाचं प्रकरण तपासून द्यायचा आहे. तो असा घाऊक देणं याला आम्ही सरकारी अतिरेक म्हणतो. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करावा, लोकांनी खासदाराला जाब विचारावा. सहीला जाब कोण विचारणार?

दुसरं म्हणजे १९८६. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली, बेकायदा राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, आणि बदल्यात मालकांवर कडक कारवाई होईल असं वचन होतं. कागद मिळाले, कारवाई नावापुरतीच झाली. 'आधी यांना सामावून घ्या, सरहद्दीचं नंतर बघू' असं कोणी म्हटलं की कन्झर्व्हेटिव्ह माणसाला १९८६ आठवतं. २०२३ च्या आर्थिक वर्षात दक्षिण सरहद्दीवर सुमारे २५ लाख वेळा लोकांना अडवलं गेलं. एकच माणूस दोनदा मोजला गेला असेल हे धरूनही आकडा प्रचंड आहे.

आणि आपण? बारा-पंधरा वर्षं रांगेत उभं राहून, दर पायरीला फी भरून आलो. रांग मोडणाऱ्याबद्दल राग येणं हा वर्णद्वेष कसा?

अनुस्वार:
वाडीकर, रांगेत उभं राहून 'आलो' असं तुम्ही लिहू शकता. मी अजून रांगेतच आहे.

ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या ग्रीनकार्ड वर्गात भारतीयांची तारीख २०२५ मध्ये २०१३ च्या आसपास रेंगाळत होती, म्हणजे त्याआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर लागत होता. वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीनकार्डं नोकरीच्या वर्गात, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्के. आइसलँडलाही सात, भारतालाही सात. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना इथे आला. आता सतरा वर्षांचा आहे. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत आमचा नंबर लागला नाही तर तो माझ्या अर्जातून बाहेर पडणार. इथेच वाढलेल्या पोराने पुन्हा विद्यार्थी व्हिसा मागायचा.

सहीचं म्हणाल तर १९ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार मी विसरणार नाही. नव्या एच-१बी (कुशल परदेशी नोकरदारांचा व्हिसा) अर्जाला एक लाख डॉलर, अंमल रविवारपासून. मी पुण्यात आईकडे होतो. शनिवारी सकाळी कंपनीच्या वकिलाचा निरोप आला, मिळेल त्या विमानाने परत या. मी दोन लाखांच्या वर रुपये भरून तिकीट काढलं, विमानात बसलो, आणि मधल्या विमानतळावर कळलं की हे फक्त नव्या अर्जांना आहे, जुन्यांना लागू नाही. आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. ती सही तुमच्या हिशेबात अतिरेक धरता का?

वाडीकर_टेक्सास:
धरतो. अनुस्वार, तुमच्यावर आलेली वेळ वाईट होती आणि सरकारने जो गोंधळ घातला तो अक्षम्य आहे. व्यापक धोरणबदल काँग्रेसमधूनच यावा, अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो. फक्त एक लक्षात घ्या, एच-१बी वरून कन्झर्व्हेटिव्हांमध्येच दोन तट आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी एका बाजूला, ट्रंप यांचे कट्टर समर्थक दुसऱ्या बाजूला, असं चांगलंच जुंपलं होतं. उद्योगवाल्या रिपब्लिकनाला कामगार हवा असतो आणि कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिपब्लिकनाला नोकरी. हे एका पिशवीत घालू नका.

गोष्टवेल्हाळ:
'रांग' या शब्दावर थोडं थांबतो.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. ते लंडनला गेले आणि पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, काँग्रेसने आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या मजुरांना दार बंद केलं. भारत त्या पट्ट्यात होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा गणवेश घातलेला माणूस. कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक भारतीयांचंही काढून घेतलं. १९२४ च्या कायद्याने आशियाई लोकांसाठी दार जवळजवळ पूर्ण मिटलं. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला तो वर्षाला १०० माणसांचा.

म्हणजे आपल्याला मिळालेली रांग १९६५ ची. तिच्यातही एक गंमत आहे. त्या विधेयकात कौशल्यापेक्षा नातेवाइकांना झुकतं माप मिळालं ते ओहायोच्याच, क्लीव्हलंडच्या मायकेल फीगन नावाच्या डेमोक्रॅट खासदाराच्या आग्रहाने. नातेवाइकांना प्राधान्य दिलं की इथे आधीच असलेल्या युरोपियनांचेच नातेवाईक येतील आणि देशाचा तोंडवळा बदलणार नाही, असा हिशेब होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी लिंडन जॉन्सन यांनी सही केली. युरोप तोवर सुखात होता, तिथून फारसे कोणी आले नाहीत. आले ते आपण, आणि मग आपण आपल्या भावा-बहिणींना बोलावलं.

१९७० मध्ये परदेशात जन्मलेले लोक ४.७ टक्के होते, आता १४ टक्क्यांच्या वर आहेत. शेजाऱ्यांना गाव ओळखू येत नाही याचं अर्धं कारण हे आहे. ते लहानाचे मोठे झाले तो काळ अमेरिकेच्या इतिहासात परदेशी माणसं सगळ्यात कमी असलेला काळ होता. त्यांच्या आजोबांना विचारलं असतं तर १८९० मधला १४.८ टक्क्यांचा देश त्यांनी सांगितला असता.

शेवंता_जर्सी:
गोष्टवेल्हाळ, फार छान प्रतिसाद.

मी १९८४ मध्ये जर्सी सिटीत आले. १९८७ मध्ये तिथे 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती, कुंकू लावणाऱ्या बायकांना हाकलून देऊ अशी पत्रं वर्तमानपत्राला पाठवायची. मारहाणी झाल्या, होबोकेनला आपल्यातला एक तरुण जिवानिशी गेला. मी दोन वर्षं कुंकू पर्समध्ये ठेवायचे आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये लावायचे. त्या टोळीतल्या पोरांचंही म्हणणं तेच होतं, आमचं गाव आम्हाला ओळखू येत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांना मी त्या टोळीत बसवत नाहीये. बर्फ उपसणारा माणूस वेगळा. पण ते वाक्य कानावर आलं की माझा हात अजून कपाळाकडे जातो. हेही तुम्ही ऐकावं एवढंच.

मियामीकाठ:
शेवंताताई, ऐकलं. हे वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

कोकणातला_बाबू:
मी कधी अमेरिका पाहिलेली नाही, रत्नागिरीत आमची कलमं आहेत. पण धागा वाचताना राहवत नाही. 'आमचं गाव आम्हाला ओळखू येत नाही' हे वाक्य दादर-गिरगावच्या चाळीत कितीदा ऐकलंय! १९६६ पासून एक अख्खा पक्ष त्यावर उभा राहिला. मुंबईत मराठी माणूस म्हणाला तर ती अस्मिता आणि ओहायोत गोरा म्हणाला तर वर्णद्वेष, असं कसं चालेल?

हेही सांगतो. आमच्या बागेत राखणीला नेपाळी आहेत. मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी नेपाळी. दरवर्षी सीझनला गावात चर्चा होते की बाहेरची माणसं फार झाली. चर्चा करणाऱ्यांत बागायतदारच पुढे असतात, आणि गडी आला नाही तर सगळ्यात आधी ओरडतातही तेच. तिकडे स्प्रिंगफील्डला या लोकांना कामावर ठेवलं कोणी?

मियामीकाठ:
बाबू, नेमकं बोललात. कारखान्यांनी आणि गोदामांनी ठेवलं. २०२० नंतर तिथे माणसं मिळत नव्हती. डिवाइन यांनीही तेच सांगितलं, हे लोक कायदेशीर आहेत, काम करायला आले आहेत. दवाखान्यांसाठी राज्याने २५ लाख डॉलर दिले. पण ते सप्टेंबर २०२४ मध्ये, तोवर चार वर्षं गावाने एकट्याने ओढलं होतं. बहिणीच्या अर्ध्या दिवसाचं बिल कारखान्याला जात नाही, हा शेजाऱ्यांचा राग आहे.

गावात २०२३ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी बसला अपघात झाला, अकरा वर्षांचा मुलगा गेला. समोरून आलेल्या गाडीचा चालक हैतीचा होता, ओहायोचा परवाना नव्हता. त्या मुलाच्या वडिलांनी पुढे नगरपालिकेच्या सभेत उभं राहून सांगितलं, माझ्या मुलाचं नाव तुमच्या द्वेषासाठी वापरू नका. ते भाषण मी तीनदा पाहिलं. शेजाऱ्यांनीही पाहिलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

धोंडोपंत:
मुंबईचा विषय आला, आता मूळ धागा शोधायला होकायंत्र लागेल. बाबू, हापूस पाठवा, सगळे शांत होतील.

मराठवाड्याची_लेक:
शिकागोत नर्स आहे. दोन ओळी लिहायला बसले होते, लांबलं.

२०२२-२३ मध्ये टेक्सासहून बसेस भरून सरहद्द ओलांडून आलेली माणसं आमच्याकडे पाठवली. पोलीस ठाण्यांच्या फरशीवर बायका-पोरं झोपलेली मी पाहिली आहेत, विमानतळावरही. व्हेनेझुएलाची एक बाई आठ महिन्यांची गरोदर, एकही तपासणी झालेली नव्हती. तिला बघून कोणाला राजकारण सुचेल असं मला वाटत नाही.

पण सगळ्यात मोठा संताप मी ऐकला तो गोऱ्यांचा नव्हता. दक्षिण भागातल्या वुडलॉनमध्ये एक बंद पडलेली शाळा निवाऱ्यासाठी उघडली, तेव्हा तिथले काळे रहिवासी रस्त्यावर आले. आमची शाळा पैसे नाहीत म्हणून बंद केलीत, मग आता पैसे कुठून आले? या प्रश्नाला शहराकडे धड उत्तर नव्हतं. माझ्यासोबत काम करणारी काळी नर्स आयुष्यभर डेमोक्रॅटांना मत देत आली. तिचं आणि मियामीकाठ यांच्या शेजाऱ्यांचं वाक्य शब्दशः एक आहे, आम्हाला कोणी विचारलं?

म्हणून या प्रश्नाला नुसता 'कन्झर्व्हेटिव्ह' म्हणणंही मला पटत नाही. एकेकाळी सेझर चावेझ यांची शेतमजुरांची संघटनाच बेकायदा मजुरांच्या विरोधात होती, कारण संप मोडायला मालक त्यांनाच आणायचे. नव्वदच्या दशकात इमिग्रेशन कमी करा असा अहवाल देणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या बार्बरा जॉर्डन. टेक्सासच्या, डेमोक्रॅट, काळ्या समाजातल्या.

नीलिमा_व्ही:
संस्कृतीबदलावर कोणीच लिहिलं नाही म्हणून माझा अनुभव.

मी उत्तर व्हर्जिनियात, कधीच कन्झर्व्हेटिव्ह नव्हते. २०२० मध्ये फेअरफॅक्सच्या शाळा मंडळाने थॉमस जेफरसन या विज्ञानासाठी नावाजलेल्या हायस्कूलची प्रवेश परीक्षा काढून टाकली. नव्या पद्धतीत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, गणितात बुडालेली. तिने विचारलं, "आई, आपण जास्त आहोत म्हणजे आपली चूक आहे का?" पालक कोर्टात गेले, खाली जिंकले, वर हरले, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. २०२१ मध्ये यंगकिन गव्हर्नर म्हणून निवडून आले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं.

मला कळलं ते इतकंच की वरून कोणीतरी चांगल्या हेतूने ठरवतं आणि घरातल्या पोराला ते सोसावं लागतं, तेव्हा चिडलेल्या माणसाला पुराणमतवादी म्हणून हिणवणं फार सोपं असतं.

सत्यशोधक:
नीलिमा, मुलीचा प्रश्न रास्त आहे. तसाच एक प्रश्न माझ्या घरातलाही मांडतो.

मी कॅलिफोर्नियात आहे, बौद्ध कुटुंबातला, मूळ नागपूरचा. इथे एका आयटी कंपनीत आमच्या टीमचा मॅनेजर आपल्याकडचाच होता. एकदा आडनाव विचारलं, मग गाव, मग 'तुमच्याकडे लग्नं कशी होतात'. पुढच्या महिन्यात मी प्रोजेक्टबाहेर. सिद्ध काहीच करता येत नाही. २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदावर बंदी आणली, कॅलिफोर्नियात तशाच बंदीचं एसबी-४०३ हे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं, आहेत ते कायदे पुरेसे आहेत म्हणून. तेव्हा आपल्याच मंडळींनी 'सरकार आमच्या संस्कृतीत ढवळाढवळ करतंय' म्हणून मोहीम चालवली. एरवी डेमोक्रॅट असलेली माणसं एका रात्रीत 'लिमिटेड गव्हर्नमेंट'वाली झाली.

सरकारची लुडबूड नको हे वाक्य कोण म्हणतंय यावर त्याचा अर्थ ठरतो. ज्याला गावाने आधीच सांभाळून घेतलंय त्याला सरकार नकोसं वाटतं. गावकुसाबाहेरच्याला कायदाच लागतो.

वाडीकर_टेक्सास:
सत्यशोधक, तुमच्यासोबत झालं ते चूकच. तरी कायद्याबद्दल माझं मत वेगळं आहे. एकाच समाजाकडे बोट दाखवणारा कायदा झाला की उद्या प्रत्येक भारतीय मॅनेजरकडे संशयाने पाहिलं जाईल.

पण आमचा सरकारला विरोध म्हणजे कायद्याला विरोध नाही. एक उदाहरण देतो, बाबूंना पटेल. न्यू जर्सीच्या केप मेचे हेरिंग पकडणारे मच्छीमार. केंद्राच्या खात्याने नियम काढला की बोटीवर सरकारी निरीक्षक न्यायचा आणि त्याचा पगार, दिवसाला ७०० डॉलरपर्यंत, मच्छीमारांनीच द्यायचा. काँग्रेसने असं कुठेच म्हटलं नव्हतं. १९८४ पासून कोर्टं म्हणायची, कायदा मोघम असेल तर खातं काढेल तो अर्थ साधारण मान्य. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती चाळीस वर्षांची रीत मोडली. अर्थ न्यायाधीश लावतील, खातं नाही. मला सरकारी अतिरेक म्हणजे हे अभिप्रेत आहे.

आणि माझ्या गावचा हनुमान. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या अष्टलक्ष्मी मंदिरात ९० फुटी मूर्ती उभी राहिली. वर्षभराने माझ्याच पक्षाच्या एका सिनेट इच्छुकाने लिहिलं, ख्रिस्ती देशात खोट्या देवाची मूर्ती कशाला? मला मनापासून दुखलं. मी पक्षाच्या बैठकीत उभं राहून बोललो, की जे संविधान तुमच्या बंदुकीला आणि चर्चला सरकारपासून वाचवतं तेच या खासगी जमिनीवरच्या मारुतीला वाचवतं. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी नाही. मी पक्ष सोडलेला नाही. टाळ्या न वाजवणाऱ्यांशीच बोलायचं आहे मला.

कोकणातला_बाबू:
बोटीवर सरकारी माणूस आणि भत्ता आम्ही द्यायचा! आमच्या वडलांनी त्याला जाळ्याबरोबर पाण्यात सोडला असता. वाडीकरांनू, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

जाता जाता, आमच्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि २९ जूनला मागे घ्यावा लागला. वरून ठरवायची खोड सगळीकडे एकच.

अनुस्वार:
वाडीकर, मच्छीमारांच्या बोटीवर सरकारी माणूस नको, मान्य. पण रिओ ग्रँड खोऱ्यात कुंपणासाठी २००६ च्या कायद्यानंतर तुमच्याच टेक्सासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, काहींची शेतं कुंपणापलीकडे गेली. त्यांच्यातले कितीतरी पक्के रिपब्लिकन होते. सरहद्दीचं नाव निघालं की सरकारवरचा अविश्वास कुठे जातो?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेलं लष्करी विमानही आठवा. १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. बेकायदा आले, परत पाठवा, मी रांगेतला माणूस आहे, मला त्याबद्दल बोलायचा सगळ्यात जास्त हक्क आहे. पण बेड्या कशासाठी?

वाडीकर_टेक्सास:
बेड्या हा त्यांचा जुना नियम आहे, सगळ्याच देशांच्या लोकांना घालतात. तरीही पाहवत नव्हतं, हे कबूल.

जमिनीचं म्हणाल तर संरक्षण आणि सरहद्द ही केंद्र सरकारची मूळ कामं आहेत. सरकारने थोडीच कामं करावीत, पण ती नीट करावीत, असं आमचं म्हणणं. मोबदला कमी मिळाला असेल तर त्यांनी भांडावंच.

संपादक:
दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मतावर बोला, माणसावर नको.

शेवंता_जर्सी:
एक लिहायचं राहिलं होतं. गेल्या वर्षीपासून मी पासपोर्ट पर्समध्ये घेऊन फिरते. नागरिक होऊन तीस वर्षं झाली. ८ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसमधल्या इमिग्रेशनच्या धरपकडीवर खालच्या कोर्टाने घातलेली बंधनं उठवली, आणि मुलानेच फोन करून सांगितलं, आई, पासपोर्ट जवळ ठेव. पूर्वी त्या कप्प्यात कुंकवाची डबी असायची.

वाडीकर, सरकार थोडीच कामं नीट करतं म्हणता, तर मला ही भीती का वाटावी?

वाडीकर_टेक्सास:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हाला वाटायला नको.

मियामीकाठ:
काल शेजाऱ्यांना चहाला बोलावलं आणि हा धागा थोडा थोडा सांगितला. थिंड यांची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. कुंकवाची ऐकून बराच वेळ बोलले नाहीत.

मग मी माझा मूळ प्रश्न विचारलाच. सरकार कमी हवं म्हणता, तर तोंड झाकलेले, नाव न सांगणारे इमिग्रेशनचे सरकारी लोक गल्लीत हिंडतात ते तुम्हाला कसं चालतं? चिडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "चालत नाही. स्प्रिंगफील्डला एवढी माणसं आणताना मला विचारलं नाही, आणि हेही मला विचारून करत नाहीत. बहिणीच्या शेजारी आता एक हैतीचं कुटुंब आहे. तो माणूस तिचं गवत कापतो. त्याला कोणी तोंड झाकून न्यायला आलं तर माझी बहीण दारात उभी राहील, आणि ती तीनदा ट्रंपना मत दिलेली बाई आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "पण सरहद्द बंद झाली याचा मला आनंद आहे. तोही लिही तुझ्या लोकांना."

तसं लिहिलं आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत आता असं की त्यांच्या बोलण्यात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. बिल गावाला आलं, ही खरी तक्रार आहे आणि तिला पैशांनी आणि आधी विचारण्याने उत्तर देता येतं. सही कोणाची, हीही खरी आहे, आणि ती कुठल्याही अध्यक्षाला लागू आहे. 'गाव ओळखू येत नाही' हे तिसरं, ते दुःख आहे. त्यावर कुठलाच कायदा औषध नाही, आणि त्याच्या नावाने शेवंताताईंच्या कपाळावरचं काही पुसायचा हक्क कोणाला मिळत नाही. मी त्यांना वर्णद्वेषी म्हणणार नाही. त्यांची तिसरी तक्रार पहिल्या दोघींच्या आड लपू नये, याबद्दल मात्र कुंपणापाशी भांडत राहीन.

सत्यशोधक:
तिसरीवर भांडाल तेव्हा त्यांना विचारा, गाव ओळखीचं होतं तेव्हा त्या गावात काळ्या माणसाला घर कुठल्या भागात मिळायचं.

मियामीकाठ:
विचारतो. डेटनमध्ये नदीच्या पश्चिमेला. हे त्यांनाही ठाऊक आहे.

मराठवाड्याची_लेक:
ती व्हेनेझुएलाची बाई, जिच्याबद्दल लिहिलं होतं. तिला मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. आता कुठे आहेत मला माहीत नाही.

वाडीकर_टेक्सास:
हे माझे शेवटचे पोस्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिपब्लिकन सिनेटर लँकफर्ड यांनी सिनेटमध्ये आणलेलं सरहद्दीचं दोन्ही पक्षांचं विधेयक आमच्याच लोकांनी पाडलं, ट्रंप यांनी नको म्हटल्यावर. पुरेसं कडक नव्हतं, हे मला तेव्हाही पटत होतं. पण कायदा काँग्रेसने करावा असं मी वर चारदा लिहिलंय, आणि काँग्रेस करायला निघाली तेव्हा मी गप्प बसलो. अनुस्वार, तुमच्या मुलाच्या वयाच्या मुलांचा प्रश्न मी आमच्या खासदाराच्या ऑफिसात मांडतो. मला खासगी निरोप करा.

अनुस्वार:
केला. आभार. या महिन्याचं व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांगेतल्या तारखांचं सरकारी पत्रक, आलं, आमची तारीख हललेली नाही.